मूत्रवाहिनीपर्यंत पोहोचलेला कर्करोग

दक्षिणेकडून आगगाडीने चेन्नईला येणाऱ्या प्रवाशाला तांबरम सोडल्यावर लगेच एक लहानसे स्थानक लागते. त्याचे नाव 'तांबरम सॅनिटोरियम'. डॉ. चौरी मुथु यांनी १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले. १९३७ साली ते सरकारने आपल्याकडे घेतले आणि पुढे वक्षरोगांचे सरकारी रुग्णालय म्हणून ते प्रसिद्धीस आले. याच लोकलने गिंडीला उतरून पूर्वेकडे गेले की अड्यारची कर्करोग संस्था येते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून ती १९५४ साली अवघ्या बारा खाटांनिशी सुरू झाली. एक रुग्णालय क्षयाचे, दुसरे कर्करोगाचे. दोन्ही रोगांचा एकमेकांशी वरवर काही संबंध दिसत नाही. परंतु मानवी शरीरात एक अशी अरुंद नळी आहे, की तिच्यापाशी पोहोचल्यावर हे दोन्ही रोग जवळजवळ सारखेच वागतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर सारखेच दिसतात. ती नळी म्हणजे मूत्रवाहिनी. कर्करोग तिच्यापर्यंत पोहोचला आहे की नाही हे ओळखणे, आणि पोहोचला असल्यास काय करावे हे ठरवणे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रत्येक मूत्रपिंडातून एक याप्रमाणे या नळ्या दोन असतात. त्यांची लांबी पंचवीस ते तीस सेंटीमीटर आणि आतील पोकळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. मूत्र या नळीतून केवळ उतारावरून वाहत नाही. नळीच्या भिंतीतील स्नायू लाटेसारखे आकुंचन पावतात आणि मूत्र थोडेथोडे करून खाली ढकलतात. झोपलेल्या माणसाच्या मूत्राशयातही मूत्र साठत राहते ते यामुळेच. स्त्रीच्या शरीरात ओटीपोटात उतरल्यावर ही नळी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर अंतरावरून जाते व मग मूत्राशयाला मिळते. निरोगी स्त्रीला या शेजाराची जाणीवही नसते. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र बाजूला पसरू लागला की सर्वप्रथम ज्या जागेत शिरतो, नेमकी तेथूनच ही नळी गेलेली असते.

मूत्रसंस्थेत कर्करोग दोन प्रकारे आढळतो. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशय यांच्या स्वतःच्या पेशींत उद्भवलेला कर्करोग हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात रोग अन्यत्र उद्भवतो आणि पसरत येथे येतो. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा. त्याच्या येण्याच्या वाटा तीन आहेत. शेजारच्या अवयवातून तो थेट आत शिरतो. गर्भाशयमुख, गुदांत्र आणि पुरुषांमध्ये पुरस्थ ग्रंथी यांचे कर्करोग असे येतात. दुसरी वाट लसीका ग्रंथींची. पाठीच्या कण्यालगतच्या या ग्रंथी रोगाने सुजल्या की त्या नळीला बाहेरून दाबतात. नळीच्या आत रोगाचा अंशही नसतो आणि तरी ती बंद होते. तिसरी वाट रक्ताची. फुप्फुस, स्तन, जठर यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्तप्रवाहातून मूत्रपिंडात किंवा क्वचित मूत्रवाहिनीच्या भिंतीत जाऊन रुजतात. या तिसऱ्या प्रकारात मूत्रपिंडातील गाठी पुष्कळदा कसलाही त्रास देत नाहीत आणि दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात.

भारतात मात्र पहिल्या वाटेला, आणि तिच्यातही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला, फार मोठे स्थान आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार देशात त्या एका वर्षात या रोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्णा आढळल्या आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. चेन्नईत १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, तेव्हा स्त्रियांच्या कर्करोगांत याचाच क्रमांक पहिला होता. पुढे तो घटत गेला आणि स्तनाच्या कर्करोगाने ती जागा घेतली. तथापि खेड्यापाड्यांतून शहराच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये रोग पुढच्या अवस्थेला पोहोचलेल्या स्त्रिया अजूनही थोड्या नसतात. या स्त्रिया कर्करोग यकृतात किंवा फुप्फुसात गेल्यामुळेच मरण पावतात असे नाही. पुष्कळ जणी मूत्रवाहिन्या बंद होऊन, रक्तात विषारी द्रव्ये साठून मरण पावतात. ओटीपोटाच्या बाहेर रोग कोठेही गेलेला नसताना हा मृत्यू येऊ शकतो, हीच त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

मुकाट्याने बंद होणारी नळी

मुतखडा नळीत अडकला की रोगी वेदनेने तळमळतो, कारण अडथळा एकाएकी आलेला असतो. कर्करोग नळीला आठवडेच्या आठवडे घेऊन हळूहळू आवळतो. वरच्या बाजूला मूत्र तुंबते, मूत्रपिंडाची आतली पोकळी फुगते, तिच्या भोवतालचा कार्यक्षम भाग दाबला जाऊन पातळ होत जातो, आणि हे सर्व चालू असताना रोग्याला फार तर कंबरेत किंवा कुशीत एक बोथट दुखरेपणा जाणवतो. पन्नाशीच्या स्त्रीची कंबर दुखली तर घरात कोणी त्याची दखल घेत नाही. ती स्वतःही घेत नाही. औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. या गोळ्या आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडावर आणखी आघात करतात.

त्यात पुन्हा निसर्गाने दिलेले दुसरे मूत्रपिंड फसवणूक करते. एक मूत्रपिंड संपूर्ण निकामी झाले तरी दुसरे निरोगी असल्यास दिवसाची लघवी नेहमीइतकीच होते आणि रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाणही पुष्कळदा मर्यादेत राहते. म्हणून केवळ रक्ततपासणी चांगली आली यावरून मूत्रवाहिन्या मोकळ्या आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. दुसरी बाजूही बंद होऊ लागली म्हणजे मग चिन्हे दिसू लागतात : अन्नावरची वासना जाणे, मळमळ, उचक्या, पायांवर व चेहऱ्यावर सूज, अंगाला खाज, गुंगी. लघवी अगदी थोडी होते किंवा थांबते. यांपैकी एकाही चिन्हावर कर्करोगाचे नाव लिहिलेले नसते.

मूत्राशयात शिरलेला रोग त्या मानाने लवकर बोलू लागतो. लघवीतून रक्त जाते, वारंवार लघवीला होते, जळजळ होते. गावाकडे याला 'उन्हाळी लागली' असे म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी दिले जाते. रोग मूत्राशयाची भिंत भेदून गेला तर मूत्र योनिमार्गातून अखंड झिरपू लागते. या अवस्थेत स्त्रीला घरात वेगळे झोपवले जाते, ती माणसांत येणे टाळते. वेदनेपेक्षा ही दुर्गंधी आणि तिच्यामुळे वाट्याला येणारा एकटेपणाच तिला अधिक असह्य होतो. बोलीत गर्भाशयालाही 'पिशवी' म्हणतात आणि मूत्राशयालाही. 'पिशवीतून रक्त जाते' एवढेच सांगणाऱ्या स्त्रीला नेमके कोठून ते विचारून घ्यावे लागते, आणि तिलाही ते नेहमी सांगता येतेच असे नाही.

निदानाची साधने

मूत्राशयाच्या आत डोकावण्याचे साधन जर्मन शल्यविशारद मॅक्सिमिलियन नित्से यांनी १८७७ साली दाखवले. मूत्रवाहिनीची आकृती बाहेरून पाहण्याचे साधन हाती येण्यास आणखी अर्धशतक लागले. शिरेतून टोचलेले, मूत्रपिंडातून उत्सर्जित होणारे आणि क्ष-किरणांना अडवणारे एक सुरक्षित द्रव्य १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने जर्मनीत काम करताना उपयोगात आणले. त्यानंतरची कित्येक दशके गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णेला ही क्ष-किरण तपासणी करूनच उपचाराला घेण्याची रीत होती.

आता आरंभ सोनोग्राफीने होतो. ही तपासणी स्वस्त असून तालुक्याच्या गावीही उपलब्ध असते आणि तिच्यासाठी शरीरात कसलेही द्रव्य टोचावे लागत नाही. मूत्रपिंड फुगलेले आहे की नाही हे ती निश्चितपणे सांगते. अडथळा कोठे व कशाचा आहे, हे मात्र ती नेहमी सांगू शकत नाही. त्यासाठी सी.टी. किंवा एम.आर.आय. करावे लागते. सी.टी.साठी शिरेतून दिले जाणारे द्रव्य दुर्बल मूत्रपिंडाला बाधू शकते, तेव्हा क्रिएटिनिन पाहिल्यावाचून ते देऊ नये. ओटीपोटातील मऊ भागांचा तपशील एम.आर.आय.मध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

फुगलेल्या मूत्रपिंडात अजून किती कार्यशक्ती उरली आहे हा पुढचा प्रश्न. किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश टोचून दोन्ही मूत्रपिंडांचे काम वेगवेगळे मोजता येते. एखाद्या मूत्रपिंडाचा वाटा एकूण कामाच्या दहा टक्क्यांहूनही कमी असेल आणि दुसरे चांगले असेल, तर त्या पहिल्याला वाचवण्याची धडपड बहुधा केली जात नाही.

मूत्राशय दुर्बिणीतून पाहताना एक काळजी घ्यावी लागते. कर्करोग भिंतीच्या बाहेरून दाबू लागला की आतील अस्तर सुजते आणि त्यावर पाण्याच्या फोडांसारखे उंचवटे दिसतात. अननुभवी डोळ्याला हा रोगाचाच शिरकाव वाटतो. परंतु स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणात स्पष्ट म्हटले आहे, की केवळ अशा सुजेवरून रुग्णेला चौथ्या अवस्थेत घालता येत नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सिद्ध व्हावा लागतो. तुकडा काढण्याचे आणखी एक कारण आहे. मूत्राशयातील गाठ तेथेच उद्भवलेली की आतड्यातून अथवा पुरस्थ ग्रंथीतून आलेली, हे नुसत्या दर्शनावरून सांगता येत नाही. ऊतकाच्या पातळ कापावर विशिष्ट प्रतिपिंडांची रंजनक्रिया करून पेशींचे मूळ घर शोधता येते. मूळ घर कोणते यावर औषध अवलंबून असते, म्हणून हा शोध केवळ शास्त्रीय कुतूहलाचा भाग नव्हे.

ज्या वर्गीकरणाचा वर उल्लेख आला, त्यातील एक कलम तांबरमच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रीचे मूत्रपिंड फुगलेले किंवा निकामी आढळले, तर गाठ कितीही लहान असो, रोग तिसऱ्या अवस्थेच्या 'ब' गटात धरावा असे ते कलम सांगते. मात्र त्याला एक अपवाद जोडलेला आहे : हा दोष अन्य कारणाने झाल्याचे ठाऊक नसेल तरच. आणि आपल्याकडे हे 'अन्य कारण' दुर्मीळ नाही. फुप्फुसातील क्षयाचे जंतू रक्तातून मूत्रपिंडात जातात, वर्षानुवर्षे तेथे सुप्त राहतात, मग मूत्राबरोबर खाली उतरून मूत्रवाहिनीत व्रण करतात. व्रण भरतो तेव्हा तेथील ऊतक आकसते आणि नळी अरुंद होते. ही अरुंद जागा बहुधा नळीच्या खालच्या टोकाशी, म्हणजे नेमकी कर्करोग दाबतो त्याच ठिकाणी असते. औषधांनी क्षय बरा होत असतानाच नळी आणखी आवळली जाते असेही घडते.

अशा एखाद्या स्त्रीला पुढे गर्भाशयमुखाचा लहानसा, शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा कर्करोग झाला आणि सोनोग्राफीत एक मूत्रपिंड फुगलेले दिसले, तर तिच्या कागदावर तिसरी अवस्था लिहिली जाण्याचा धोका असतो. एकदा ती लिहिली गेली की शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होतो, आणि नातेवाईकांच्या मनात आशाही निम्मी होते. हा धोका टाळण्याचे उपाय साधे आहेत. पूर्वी क्षय झाला होता का, औषधे किती महिने घेतली, हे विचारणे हा पहिला. लघवीत पू-पेशी पुष्कळ असूनही नेहमीच्या संवर्धनात जंतू उगवत नसतील तर क्षयाचा संशय घेणे हा दुसरा. लागोपाठ किमान तीन दिवस पहाटेची लघवी क्षयजंतूंसाठी तपासणे हा तिसरा. पूर्वी संवर्धनाच्या उत्तरासाठी सहा ते आठ आठवडे थांबावे लागे. आता जनुकीय चाचणीने काही तासांत उत्तर मिळू शकते, जरी नकारार्थी उत्तराने संशय पूर्णपणे फिटत नाही.

तांबरमच्या रुग्णालयाचा या विषयाशी आणखी एका बाजूने संबंध येतो. भारतात एच.आय.व्ही.ची लागण १९८६ साली प्रथम उघडकीस आली ती चेन्नईतच, आणि तो शोध लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे नावाच्या मराठी कुटुंबातील कन्या होत्या. एच.आय.व्ही.बरोबर येणाऱ्या क्षयामुळे तांबरमचे आरोग्यधाम या रुग्णांचे मोठे आश्रयस्थान बनले. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने ज्या आठ रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला, त्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाबरोबर तांबरमही होते. औषधांनी या स्त्रिया दीर्घकाळ जगू लागल्या हे मोठेच यश. परंतु एच.आय.व्ही.बाधित स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा स्त्रियांची तपासणी तिसाव्या वर्षाची वाट न पाहता पंचविसाव्या वर्षापासून करावी असे सुचवले. अशा रुग्णेत क्षय, कर्करोग आणि औषधे या तिन्हींचा भार एकाच वेळी मूत्रपिंडावर पडू शकतो. टेनोफोविर हे विषाणुरोधक औषध स्वतःच काही जणांच्या मूत्रपिंडाला बाधते.

किरणोपचार घेऊन बरे झालेल्या स्त्रीतही असाच पेच उद्भवतो. किरणांनी भाजलेले ऊतक काही वर्षांनी घट्ट व तंतुमय होते आणि त्यात मूत्रवाहिनी आवळली जाऊ शकते. हे घडण्याचे प्रमाण शेकडा एक-दोन इतके अल्प आहे, आणि कर्करोग उलटण्याची शक्यता त्याहून बरीच अधिक. म्हणून डॉक्टर उलटलेल्या रोगाचाच विचार प्रथम करतात, व ते योग्यही आहे. तथापि तुकडा न काढता केवळ फुगलेल्या मूत्रपिंडावरून 'रोग परत आला, आता उपाय नाही' असे सांगणे म्हणजे शंभरांतल्या त्या एक-दोघींवर अन्याय होय.

वाट मोकळी करणे

अडथळा दूर करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात मूत्राशयातून दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत एक बारीक नळी, म्हणजे स्टेंट, वर मूत्रपिंडापर्यंत सरकवतात. पूर्वी ही नळी खाली घसरत असे. १९७८ साली दोन्ही टोकांना आकड्यासारखे वळण असलेला स्टेंट प्रचारात आला आणि ती अडचण मिटली. दुसऱ्या मार्गात पाठीच्या बाजूने, त्वचा बधिर करून, सुईच्या वाटेने थेट मूत्रपिंडात नळी बसवतात व मूत्र बाहेर लावलेल्या पिशवीत घेतात. लॉस एंजेलिस येथील विलार्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली ही पद्धत वर्णिली. सोनोग्राफीच्या साहाय्याने ती आता खाटेजवळही करता येते.

स्टेंट शरीराच्या आत राहत असल्याने रुग्णाला तो सोयीचा वाटतो. पण कर्करोगाची गाठ नळीला बाहेरून आवळत असेल तर स्टेंटही तिच्याबरोबर दाबला जातो, आणि मूत्राशयात रोग पसरला असेल तर नळीचे तोंडच सापडत नाही. अशा वेळी पाठीतून नळी घालणे अधिक भरवशाचे ठरते. पुढे सूज ओसरली की त्याच वाटेने वरून खाली स्टेंट उतरवून बाहेरची पिशवी काढून टाकता येते.

तुंबलेल्या मूत्रात पू झाला असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांना धोका निर्माण झाला असेल, तर ही क्रिया तासांच्या हिशोबाने करावी लागते. एरवी एक-दोन दिवसांचा अवधी मिळतो, मात्र आठवड्यांचा नाही. पूर्ण बंद झालेल्या नळीवरचे मूत्रपिंड काही आठवड्यांनंतर सुधारण्याची आशा झपाट्याने घटत जाते. दोन्ही बाजू बंद असताना वाट मोकळी केली, की काही रुग्णांत लघवीचा जणू पूर येतो, दिवसाला कित्येक लिटर. घरच्यांना हे शुभचिन्ह वाटते, व ते आहेही. परंतु त्याबरोबर मीठ आणि पाणी शरीरातून वाहून जात असल्याने पहिले दोन-तीन दिवस मोजून भरपाई करावी लागते.

वाट मोकळी झाली म्हणजे कर्करोगावर उपचार झाला असे मुळीच नव्हे. या क्रियेने मिळतो तो अवधी. त्या अवधीत काय करता येण्याजोगे आहे, यावर तिचे सारे मोल अवलंबून आहे.

ज्या स्त्रीवर आजवर कसलाही उपचार झालेला नाही, तिच्या बाबतीत हे मोल फार मोठे असते. तिसऱ्या अवस्थेच्या 'ब' गटातील कर्करोग हा असाध्य रोग नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात याच अवस्थेच्या ८५० स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. निम्म्या स्त्रियांना केवळ किरणोपचार दिले. निम्म्यांना किरणोपचारांबरोबर दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे औषध दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी पहिल्या गटातील शेकडा ४६, तर दुसऱ्या गटातील शेकडा ५४ स्त्रिया हयात होत्या. आठ टक्क्यांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. देशातील रुग्णांच्या संख्येशी त्याचा गुणाकार केला म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

आणि येथेच मूत्रवाहिनीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. सिस्प्लाटिन मूत्रपिंडातूनच बाहेर पडते आणि जाता जाता मूत्रपिंडालाच इजा करते. मूत्रपिंडे पुरेसे काम करीत नसतील तर ते देता येत नाही. म्हणजे ज्या आठ टक्क्यांसाठी हे औषध द्यावयाचे, त्यांत आपली रुग्णा असावी की नसावी हे कित्येकदा एका बारीक नळीवर ठरते. शिवाय किरणोपचारांचे वेळापत्रक बांधलेले असते. बाहेरून द्यावयाचे किरण सुमारे पाच आठवडे आणि त्यानंतर गर्भाशयमुखाशी आतून द्यावयाचे किरण, असे सर्व मिळून आठ आठवड्यांत संपवावे लागते. लांबण लागली की गुण कमी येतो. म्हणून उपचार सुरू होण्याच्या आधीच सोनोग्राफी, आधीच नळी, हा क्रम श्रेयस्कर. क्रिएटिनिन खाली येण्याची वाट महिनोन्महिने पाहत बसणे हितावह नाही. ते पुरेसे उतरले नाही तर सिस्प्लाटिनचा आग्रह न धरता कार्बोप्लाटिनची मात्रा मूत्रपिंडाच्या शक्तीनुसार बेतून देतात, किंवा केवळ किरणोपचार करतात. तेही व्यर्थ जात नाहीत, हे वरच्या आकड्यांतील पहिल्या गटावरून स्पष्ट आहे.

अन्य कर्करोगांबाबत थोडक्यात सांगता येईल. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने दोन्ही वाहिन्या दबल्या असतील आणि संप्रेरकांना आवर घालणारा उपचार यापूर्वी झाला नसेल, तर त्या उपचाराने गाठ आकसून वाट आपोआप मोकळी होण्याचा संभव असतो. तोपर्यंत नळीचा आधार द्यावा. लसीका ग्रंथींचे काही कर्करोग औषधांनी इतक्या त्वरेने वितळतात, की स्टेंट काही आठवड्यांतच काढता येतो. जठराच्या कर्करोगाने नळी आवळली असेल तर इतकी आशा धरता येत नाही. मूत्राशयातून रक्तस्राव होत असल्यास तीन मार्गांची रबरी नळी घालून गुठळ्या धुऊन काढतात व पाणी खेळते ठेवतात. तेवढ्याने न थांबल्यास किरणांच्या थोड्या मात्रा देऊन किंवा रक्तवाहिनी आतून बंद करून तो थांबवता येतो.

रोग मूत्रवाहिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो हाती लागू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्रातील आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साहाय्याने १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात कर्करोगकारक विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली होती, तेथे दुसऱ्या व त्यापुढील अवस्थेतील कर्करोग ३९ जणींत आढळला आणि ३४ मृत्यू झाले. चाचणी न केलेल्या गटात हे आकडे ८२ आणि ६४ होते, आणि हा गट संख्येने किंचित लहानच होता.

अवधी कशासाठी

सर्वांत कठीण निर्णय उरतो तो ज्या रुग्णेवर किरण, औषधे, शस्त्रक्रिया असे सर्व काही होऊन गेले आहे आणि रोग पुन्हा उलटून दोन्ही मूत्रवाहिन्या बंद झाल्या आहेत तिच्याविषयी. पाठीतून नळी घालणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. पण जे सहज करता येते ते करावेच असे नाही. अशा स्थितीत नळी घातल्यावर मिळणारा काळ बहुधा काही महिन्यांचाच असतो, आणि त्यातील पुष्कळ दिवस नळी निसटणे, ताप येणे, पुन्हा रुग्णालय यांत जातात. रक्तातील विषारी द्रव्ये वाढली की रुग्ण हळूहळू गुंगीत जातो. ओटीपोटातील असह्य वेदना सोसत जागे राहण्यापेक्षा ती गुंगी काहींना सुसह्य ठरते. उलट एखादीला मुलीचे लग्न व्हायचे असते, जमिनीचे कागद व्हायचे असतात, दूरदेशी असलेला मुलगा यायचा असतो. तिच्यासाठी सहा आठवडेही फार मोठे असतात.

यावर वैद्यकशास्त्राजवळ एकच एक उत्तर नाही, आणि असल्याचा आव त्याने आणू नये. डॉक्टरने रुग्णेला नळीने काय साधेल व काय साधणार नाही हे तिला समजेल अशा भाषेत सांगावे. आपल्याकडे हे बोलणे बहुतेक वेळा मुलाशी किंवा नवऱ्याशी होते, बाहेरच्या ओसरीत. रुग्णेला 'लघवीचा मार्ग साफ करायचा आहे' एवढेच कळते. ज्या शरीरातून पिशवी लोंबणार आहे त्याच्या मालकिणीला न विचारता ती बसवणे, हे कोणत्याही प्रेमाने समर्थनीय ठरत नाही.

नळी न घालण्याचे ठरले तर उपचार थांबले असे समजू नये. मळमळ, उचकी, खाज, श्वासाची घरघर या प्रत्येकावर औषध आहे. वेदनेसाठी मॉर्फिन लागते. परंतु मूत्रपिंडे बंद असताना मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये साठून झटके येतात व श्वास मंदावतो, म्हणून मात्रा कमी करून अधिक अंतराने द्यावी लागते किंवा फेंटॅनिलसारखे पर्यायी औषध निवडावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे अशी औषधे मिळवणे रुग्णालयांना जिकिरीचे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरेच सुकर झाले, तरी लहान गावांतील पुरवठा पुरेसा म्हणता येणार नाही.

नळी घालून घरी गेलेल्या रुग्णांसाठी काही साध्या गोष्टी आहेत. पिशवी नेहमी कंबरेच्या खालच्या पातळीवर ठेवावी, म्हणजे मूत्र उलटे फिरत नाही. पिशवी पूर्ण भरू देऊ नये. तिच्या वजनाने नळी ओढली जाते. नळीभोवतीची पट्टी ओली झाली तर लगेच बदलावी. एकाएकी मूत्र येणे थांबले, थंडी वाजून ताप आला किंवा नळी निसटली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण त्वचेतील वाट थोड्या काळात मिटू लागते आणि मग सुई पुन्हा नव्याने घालावी लागते. आतला स्टेंट साधारणपणे दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो. तो दिसत नाही म्हणून विसरला जातो. वर्षानंतर आलेल्या स्टेंटवर खड्यांची पुटे चढलेली आढळतात आणि तो काढणे हीच एक वेगळी शस्त्रक्रिया होऊन बसते. म्हणून रुग्णेला घरी पाठवताना स्टेंट बदलण्याची तारीख तिच्या कार्डावर तिला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावी, आणि घरातील एका माणसाला ती तोंडी सांगून त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावी.